निवांत माती

"घरात लहान मूल आहे ना? मग तुम्हा तिघांतल्या एकाने तरी शेतात उतरायचं नाही," मातीवर संशोधन करणाऱ्या डॉ. तळवेलकर मॅडमनी बजावलं होतं. "त्या एकाने सगळ्यांच्या वाटची काळजी करायची. खरीखुरी, पोटात गोळा आणणारी."

"ते खातं माझ्याकडेच आहे, मॅडम. कितीही मातीत लोळले तरी माझी काळजी कमी नाही व्हायची!" रेवती हसली होती.

आणि ते खरंच होतं. बी.एस्सी. झालेली रेवती लहानगी मिनू शिंकली तरी दचकायची. झोपेतसुद्धा पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

पूर्णेकाठच्या त्या खाऱ्या मातीच्या खारपाणपट्ट्यात पूर्वी उन्हाळ्यात अख्खं पाऊल जाईल अशा भेगा पडत. मग गावाने नांगर सोडला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, जाळायची थांबवली आणि बारीक करून रानावरच पसरली. पीक निघालं की लगेच ताग, चवळी पेरायची; माती उघडी ठेवायची नाही. अशा झाकलेल्या मातीत मॅडमनी एक जिवाणू सोडला. तो मातीचे कण चिकटवून भुसभुशीत रवा करी, त्यामुळे पाणी खाली मुरे आणि मीठही घेऊन जाई. गांडुळं परतली. ज्वारी डोक्यावर गेली.

आणि माणसं शांत झोपू लागली. हा जिवाणू श्वासातून, तळव्यांतून अंगात शिरतो आणि मेंदूतली भीतीची घंटा हळूच बंद करतो, हे नंतर कळलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं निवांतिका.

एकदा पऱ्हाटी पसरायला माणसं कमी पडली. रेवती चपला बांधावर काढून रानात उतरली. पायाखाली माती केकसारखी मऊ लागली. त्या दिवशी ती खूप जेवली. मग ती रोजच जाऊ लागली.

मिनूला ताप भरला तेव्हा सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "निजू दे वो तिले. पाय बरं, तिचे गाल कसे लाल लाल झाले. गोड दिसते!"

रेवतीने थर्मामीटर पाहिला. आकड्याचा अर्थ तिला कळला, एखाद्या लांबच्या देशाची राजधानी माहीत असावी तसा. तिने तो पुसून नीट डबीत ठेवला.

मातीचे नमुने न्यायला आलेल्या मॅडम गमबूट घालूनच दारात उभ्या होत्या. त्यांनी आत येऊन मिनूच्या कपाळाला हात लावला आणि किंचाळल्याच. जीप दवाखान्यापर्यंत कशी पळवली ते त्यांनाच ठाऊक.

पोरगी वाचली. दवाखान्यातल्या बाकावर मॅडम रेवतीशेजारी येऊन बसल्या.

"रेवती, तुला काहीच वाटलं नाही?"

"कळत होतं, मॅडम. वाटत नव्हतं."

"पण तू तर शेतात जाणार नव्हतीस!"

"सगळे एवढे सुखात, आणि मी एकटीच जागी. मिनू झाल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर झोपले हो. चुकलं का?"

मॅडम म्हणाल्या, "माहेरी जाऊन राहा. मातीपासून लांब राहिलीस की महिन्याभरात परत येईल."

"काय?"

"काळजी."

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रेवतीने मायेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "मॅडम, एकदा ते बूट काढून बांधावर बसा ना. बरं वाटेल तुम्हाला."

रेवती अकोल्याला माहेरी जाणार आहे. बॅग भरून ठेवली आहे. नवरा म्हणतो, "उद्या जाऊ न, काय घाई हाये?" आणि तिलाही ते पटतं, रोज. संध्याकाळी ओट्यावर बसलं की हिरव्या तागावरून वारा येतो. इतकं हलकं तिला लग्नाआधीही कधी वाटलं नव्हतं.

पण शिकलेलं डोकं अजून शाबूत आहे. आपल्या हलकेपणावर विश्वास ठेवायचा नाही, एवढं तिला कळतं. म्हणून रस्त्याने कुणी परगावचं दिसलं की ती हाक मारते. तुम्हालाही मारते आहे, हसतमुखाने:

"अहो, तुम्ही डांबरावर, फरशीवर राहणारी माणसं. तुमच्या पोटात अजून गोळा येत असेल ना? मिनू आत झोपलीय. सकाळपासून अगदी शहाण्यासारखी झोपलीय, कूस म्हणून बदलली नाही. जरा आत येऊन बघता का तिला?"