खापरं धुणारी

भुतं रात्रीच येतात असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. कारण हे भर दुपारी घडलंय.

आणि खरं घडलंय. मंगलआक्का माझी चुलतबहीण. कंग्राळीला दिलेली. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नाही. आणि रचून सांगायला लागतं तेवढं त्राणही तिच्यात उरलेलं नाही.

गेल्या वर्षीचा उन्हाळा. बेळगावातलं एक छोटं वस्तुसंग्रहालय. नाव मुद्दाम लिहीत नाही.

पुढं मूर्ती, तलवारी आणि शाळेच्या सहली. मागं एक लांबट कौलारू खोली... तिला सगळे स्टोअर म्हणायचे. फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या पांढरीवर, म्हणजे उठून गेलेल्या जुन्या गावाच्या टेकाडावर, उत्खनन झालं होतं. तिथं निघालेलं सगळं त्या खोलीत पडलेलं. खापरं, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. पोती कुजलेली. चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या.

मंगलआक्का तिथं कंत्राटावर. खापर ब्रशनं धुवायचं, सावलीत वाळवायचं, नंबर घालायचा, नव्या पेटीत ठेवायचं. दिवसभर तेच.

छप्पर गळत होतं म्हणून पावसाळ्याआधी खोली रिकामी करायची होती. स्टोअरचं काम बघणारे अभिनंदन सर निपाणीकडचे. माणूस सज्जन, पण तेही कामानं पिचलेले.

"आक्का, पेटीत गेलं तेवढंच नव्या इमारतीत जाणार," ते म्हणाले. "पोती कुणी घेणार नाही. आणि काम अर्धवट राहिलं तर तुमचं कंत्राट वाढवा म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?"

घरी सासू, अंबुबाई, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली. नवरा शामू फाउंड्रीत शिफ्टला. दुपारी शेजारची जयाबाई म्हातारीला भरवून, बाहेरून कडी घालून जायची. बाकी सगळं मंगलआक्कावर. पहाटे म्हातारीचं अंग पुसायचं, कूस बदलायची, बस पकडायची, खापरं धुवायची, घरी येऊन परत म्हातारी.

तरी म्हातारीच्या पाठीला जखमा व्हायच्याच.

"झोप म्हंजे काय ते इसरलेच होते बघ," ती मला म्हणाली.

एका दुपारी पाण्याच्या टबापुढं बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

जाग आली ती आवाजानं.

खर्र... खर्र... खर्र...

खापरावर ब्रश चालल्याचा आवाज.

तिनं डोळे उघडले. आवाज थांबला.

समोरचा ट्रे धुतलेल्या खापरांनी भरला होता. पाणी अजून निथळत होतं.

तिला वाटलं, झोपेतच धुतली असतील. हाताला सवय झालेली.

मग तिनं हात बघितले...

कोरडे. बोटांवर सकाळची माती तशीच.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. आधी कौलांवरची कबुतरं घुमायची थांबायची. मग पंख्याचा आवाज लांब गेल्यासारखा व्हायचा. मग ब्रश... आणि त्याच्या जोडीला बांगड्या.

काचेच्या नव्हेत. जड. शंखावर शंख आपटावा तशा.

एकदा सर आले आणि ट्रेपुढं थबकले. वेगवेगळ्या पोत्यांतले तुकडे कडेला कड लावून मांडले होते. एका मडक्याचा अख्खा गळा तयार झालेला.

"आक्का, हे जुळवलं कुणी?"

ती नंबर घालत राहिली. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "छान झालंय. असंच चालू द्या," म्हणाले आणि गेले.

"भ्यालीस न्हाईस?" मी तिला विचारलं.

"भ्याले की. पण भ्यापरीस दमणूक मोठी हुती."

मग ती पोतं स्वतःच टबाजवळ ओढून ठेवायला लागली. कोपऱ्यात चटई टाकायची. भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "बाई, एवढं बघ गं."

आणि झोपायची.

पेट्या भरत चालल्या. तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला. मग एका संध्याकाळी घरी येऊन तिनं म्हातारीला कुशीवर वळवलं...

पाठ स्वच्छ होती. जखमा पुसलेल्या. वर कोरडं फडकं.

"आत्ती, जयाबाईनं पुसलं व्हय?"

"जया कशाला?" म्हातारी म्हणाली. "तूच न्हाय का आलतीस दुपारी? बोलली न्हाईस, काय न्हाईस. हात तेवढं लई गार हुतं गं तुझं."

मंगलआक्का जयाबाईकडं धावली. जयाबाईनं शपथ घेतली, कडी बाहेरून घातलेली होती. कुणी आलं नव्हतं.

परत येऊन तिनं चादर झटकली.

पांढरट माती पडली.

दुसऱ्या दिवशी ती स्टोअरमध्ये बसलीच नाही. दाराला पाठ लावून उभी राहिली. कबुतरं गप्प झाली. खर्र... खर्र...

"हितलं काम हितंच," ती ओरडली. "माझ्या घरात यायचं न्हाय!"

ब्रश थांबला.



मग बांगड्या वाजल्या. टबापाशी... पोत्यांपाशी... तिच्या अगदी समोर.

आणि मग तिच्या पाठीमागं. बंद दाराच्या पलीकडं.

आवाज अंगणातून रस्त्याकडं गेला.

त्यानंतर स्टोअरमध्ये एकही खापर आपोआप धुतलं गेलं नाही. तिनं जमेल तेवढं केलं. बरीच पोती राहिली. ती कुठं गेली, तिला माहीत नाही. कंत्राट वाढलं नाही. आता ती घरीच असते.

मध्यंतरी मी भेटायला गेलो तेव्हा हे सगळं तिनं सांगितलं. आम्ही सोप्यात बसलो होतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. बोलता बोलता ती थांबली.

आतून म्हातारीचा आवाज येत होता. हळू, लाडिक. कुणाशी तरी बोलत होती. मग ओलं फडकं पिळल्याचा आवाज...

"आत कोण हाय?" मी विचारलं.

"कुनी न्हाय."

"मग जाऊन बघ की."

तिनं मान हलवली. "म्हातारीच्या पाठीला आता एक जखम न्हाय बघ." मग पदर सावरत, "आन् मला दुपारची झोप लागतीया."

तिनं भिंतीला डोकं टेकलं. बघता बघता झोपली.

आतलं बोलणं थांबलं. बांगड्या वाजत उंबऱ्यापर्यंत आल्या... उंबरा ओलांडून आल्या...

सोप्यात वारा नव्हता. तरी मंगलआक्काच्या कपाळावर आलेले केस हळूच मागं सारले गेले.

ती झोपेत हसली.

मी तिला हाक मारणार होतो. पण लग्नानंतर तिला इतकं शांत झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

चपला हातात घेऊन मी बाहेर पडलो. कंग्राळीला अजून परत गेलेलो नाही. तिचा फोन येतो. आवाज चांगला असतो.

फक्त अलीकडं ती फार कमी बोलते.