म्हशीचं शिंग आणि कोपऱ्यातला कांदा

"थांबव! थांबव! मागे घे!" स्वरदा सोफ्यावरून जवळजवळ टीव्हीतच पडली. "बघ! म्हशीचं डावं शिंग मोडलेलं होतं ना? आता उजवं मोडलंय! चूक नंबर अडतीस!"

धाकट्या आल्हादने एका हाताने रिमोट दाबला आणि दुसऱ्याने चिवडा चालू ठेवला.

'वांगेसाहेबांचं बस आगार' ही कार्टून मालिका नाशिकमध्येच, गंगापूर रोडवरच्या एका स्टुडिओत तयार होत असे. तिच्यात आगारप्रमुख वांगं होतं, कंडक्टर म्हैस होती आणि मंगळवारी उपास असल्यामुळे बस डिझेल घेत नसे. यातल्या कशालाही स्वरदाची हरकत नव्हती. शिंगाने बाजू बदलली की मात्र तिच्या अंगाची आग व्हायची! सातवीची परीक्षा संपल्यापासून अशा चुका ती वहीत टिपत होती. आख्ख्या इमारतीत तिच्याइतकी बारीक नजर कुणाचीच नाही, असं सगळे म्हणत. सगळे म्हणजे मुख्यतः स्वरदा.

"आणि तो कांदा," मृण्मयी म्हणाली. ही घोटीची मावसबहीण सुट्टीसाठी कालच आली होती.

"कसला कांदा?"

"उजव्या कोपऱ्यात, टायरमागे. प्रत्येक चित्रात एक लपवलेला असतो. शोधायला लय मजा येते."

आल्हादने मागे घेऊन पाहिलं. खरंच होता! "मृण्मयीताई, तू भारीच आहेस! आमच्या ताईला चौदा भागांत एकदाही दिसला नाही!"

"मी चुका शोधते. भाजी नाही," स्वरदा म्हणाली.

पुढचे दोन दिवस आल्हाद मृण्मयीच्या मागे मागे होता. स्वरदाने नाश्त्याच्या पोह्यांतला कांदा वेचून बाजूला ठेवला.

"पोटात दुखतंय का गं?" आईने विचारलं.

दुखत होतं, पण पोटात नाही.

तिसऱ्या दिवशी तिने अडतीस चुकांची यादी सुवाच्य अक्षरात उतरवली, खाली स्वतःचं नाव दोनदा अधोरेखित केलं आणि कुणाला न सांगता स्टुडिओत देऊन आली. आता कळेल बारीक नजर कशाला म्हणतात!

कळलंच. गुरुवारी तळमजल्यावरची उज्वलाताई पायरीवर डोकं धरून बसलेली दिसली. ती त्याच स्टुडिओत चित्रं काढायची.

"यादी छान होती हो तुझी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून स्वरदाला जास्त लागलं. "आमच्या दिग्दर्शकांनी, देवव्रत सरांनी, ती स्टुडिओच्या मालकीण मालिनी मॅडमसमोर ठेवली. चित्रं माझी, म्हणून चुका माझ्या. शनिवारी मॅडम दुसरी मुलगी नेमणार. पण खरं सांगते, मी शिंग डावंच मोडलं होतं गं! लय जपून काढते मी."

"मग मूळ चित्रं दाखव ना त्यांना!"

"ती सरांच्याच कॉम्प्युटरवर असतात. माझ्याकडे काय आहे?"

आपली यादी कुणाच्या डोक्यावर फुटेल, हा विचार अडतीस मुद्द्यांत कुठेच नव्हता. स्वरदा तीन जिने चढली. मृण्मयीसमोर उभी राहिली. तोंड कडू औषध घेतल्यासारखं झालं होतं.

"तुझा तो कांदा... काही उपयोगाचा आहे का?"

"का सांगू? तुझी वही मला एकदा तरी दाखवलीस?" मृण्मयी फणकारली. "मीही चुका शोधायची. तुझ्या निम्म्याही सापडायच्या नाहीत. घरी आईचं सारखं आपलं 'स्वरदाची वही, स्वरदाची वही'!"

स्वरदा बघतच राहिली. हिलाही माझा हेवा वाटत होता? मग तिने उज्वलाताईची हकीकत सांगितली आणि वही पुढे केली. दोघी टीव्हीसमोर बसल्या.

"चूक नंबर चार. बसचं दार भलत्या बाजूला."

"कांदा उजव्या कोपऱ्यात."

"नंबर अकरा?"

"उजव्या."

"आणि चूक नाही तिथे?"

"डाव्या! नेहमी डाव्या!"

दोघी धाडधाड खाली धावल्या. "उज्वलाताई, तू कांदा कुठे काढतेस?"

उज्वलाताई लाजली. "दिसला होय तुम्हाला? आमच्याकडे चांदवडला कांदे साठवायची चाळ भरताना आई पहिला कांदा डाव्या कोपऱ्यात ठेवते. मग मीही आधी तो कांदा काढते आणि मग बाकीचं चित्र. डावा कोपरा कधी सोडत नाही मी."

मागून आल्हाद फोनमध्ये स्वतःचाच फोटो काढत आला. "ए, माझा भांग दुसऱ्या बाजूला कसा गेला?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि एकदमच ओरडल्या, "चित्र आरशातल्यासारखं उलटं केलंय!"

शनिवारी उज्वलाताईबरोबर दोघी स्टुडिओत पोचल्या, तेव्हा मालिनी मॅडम टेबलामागे होत्या आणि दिग्दर्शक देवव्रत सर घड्याळाकडे बघत उभे होते. "यादीबद्दल आभार, बाळ. आता आम्हाला काम आहे."

"सर, एकच!" स्वरदा अगदी भक्तिभावाने म्हणाली. "चौदाव्या भागात वांगेसाहेब चित्राबाहेर उजवीकडून ओरडतात, तेव्हा म्हैस त्यांच्याकडे पाठ करून उभी असती, तर सगळा विनोदच गेला असता ना?"

"गेलाच असता!" सर फुलले. "उज्वलाने तशीच काढली होती. मी एक बटण दाबलं आणि फिरवली! नवीन चित्राला दोन दिवस गेले असते."

मॅडमनी यादीतून डोकं वर काढलं.

"फिरवली?" मॅडम हळूच म्हणाल्या. "म्हणजे शिंगही फिरलं."

"ते... तेवढं एकच चित्र!"

"अडतीस," मृण्मयी म्हणाली. "उज्वलाताई प्रत्येक चित्रात एक कांदा लपवते, नेहमी डाव्या कोपऱ्यात." तिने एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. कांदा उजवीकडे, कांदा उजवीकडे... अकराव्या कांद्याला सर खुर्चीत बसले. विसाव्याला त्यांनी पाणी मागवलं.

"यादीचा कागद तुम्ही माझ्यासमोर ठेवलात, देवव्रत," मॅडम म्हणाल्या. "आता त्याच्या खाली लिहा, 'या सर्व चुका माझ्या.' उज्वला, सोमवारी ये. यापुढे तुला विचारल्याशिवाय एकही चित्र फिरणार नाही."

उज्वलाताईने पदराने डोळे पुसले.

"आमची बारा माणसं पगार घेऊन हेच बघायला बसतात," मॅडम पुढे म्हणाल्या. "त्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत. शाब्बास! पण कांदा कुणाला दिसला?"

उत्तर एका शब्दाचं होतं. तो शब्द काढायला स्वरदाला चांगले पाच सेकंद लागले.

"मृण्मयीला," ती म्हणाली. "मला नाही दिसला."

"पण चुका शोधल्या हिनेच," मृण्मयी घाईने म्हणाली. "नाहीतर मी नुसते कांदे मोजत बसले असते."

उज्वलाताईने दोघींच्या डोक्यावर हात ठेवले. मृण्मयीच्या डोक्यावर एक सेकंद जास्त. स्वरदाने तो सेकंद बरोबर मोजला, आणि सोडून दिला.