धावपट्टीवर उतरलेला हत्ती

मंजूनं ब्रेक दाबला, तेव्हा गाडीसमोर हत्ती होता.

रबराचा, हवा भरलेला, गुलाबी. शेजारच्या खेळ-पाळण्यांच्या पार्कातला. वावटळीनं उचलला आणि भिंतीवरून थेट धावपट्टीवर आणून टाकला. आता ही धुळ्याच्या रस्त्याची धावपट्टी मंजूच्या जन्माआधीपासून ओसाड. इथं विमान उतरलेलं कोणी बघितलं नाही. उतरला तो हा हत्ती. बाकी गावातली निम्मी माणसं इथंच गाडी शिकली, तीही मंजूच्या क्लासात, तिची बोलणी खाऊन.

हत्तीमागून एक गडी धापा टाकत आला.

"येडा शे का तू?" मंजू खिडकीतून ओरडली. राग आला की तिची अहिराणी आपोआप बाहेर पडायची.

"हत्ती माझं ऐकत नाही हो. तुमचं ऐकेल... तुमचं सगळेच ऐकतात. रोज बघतो ना."

"कुठून बघता?"

त्यानं बोट वर केलं. भिंतीपलीकडं आकाशपाळणा. गिऱ्हाईक यायच्या आधी एक फेरी स्वतः मारून बघायची, हे या गड्याचं, ज्ञानेश्वरचं काम. "वरून तुमचा आवाज येत नाही. नुसते हात दिसतात..."

दुसऱ्या दिवशी तो गाडी शिकायला हजर!

शिकणं कसलं, छळ नुसता. पाळण्याची सवय हाताला — थोडं फिरवायचं, थांबायचं, माणसं उतरवायची. गाडीही तशीच. थोडी पुढं, थांब. थोडी पुढं, थांब.

"ज्ञानेश्वरभाऊ, कोण उतरतंय इथं?"

"भाऊ नका ना म्हणू."

"इथं सगळ्यांनाच भाऊ म्हणतात."

"म्हणून तर नको."

मंजूनं तोंड खिडकीकडं फिरवलं. हसू आलं होतं, ते त्याला कशाला दाखवा...

अन् धावपट्टीचं काय होणार, यावर तर डोकं उठायचं. कोणी म्हणे विमान येणार. कोणी म्हणे पार्कवाले रिखबचंदशेठ जागा घेऊन पाण्याच्या घसरगुंड्या करणार.

"विमान आलं तर तुमचा पाळणा उंच म्हणून काढतील," मंजू करवादली. "घसरगुंड्या आल्या तर माझा क्लास गेला."

"म्हंजे आपल्यातलं एक जाणारच?"

"गाडी बघा पुढं!"

एका सकाळी धावपट्टीच्या तोंडाशी माणसं खांब रोवत होती. मंजूनं विचारलं, "काय होणार आहे इथं?"

"आम्हाला काय ठाऊक, ताई. कुंपण घाला म्हणले, घालतोय. उद्यापासून बंद."

क्लास संपला, म्हंजे पोटावर पाय. आणि तो थांबत-थांबत चालणारा शिष्यही गेला... हे दुसरं जास्त का टोचतंय, याचाच तिला संताप आला.

तेवढ्यात तो आलाच. "चला, पाळण्यात बसा."

"मला रडू येतंय, आणि तुम्हाला पाळणा सुचतोय?"

"वर चला, मग रडा."

खाली पाळणा फिरवायचा दांडा खुद्द रिखबचंदशेठनं धरला होता. पाळणा वर गेला, वाऱ्यानं तिची ओढणी शेजारी बसलेल्या ज्ञानेश्वरच्या मनगटाला गुंडाळली गेली. त्यानं सोडवली नाही. तिनंही ओढली नाही.

"ते बघा. पार्कामागची पार्किंग. रविवार सोडला तर कुत्रं येत नाही तिथं. शेठला विचारलं मी. क्लास घ्या म्हणतात, पण एक अट आहे."

"कसली?"

"त्यांच्या सूनबाईंना शिकवायचं. अन् त्यांच्यावर ओरडायचं नाही."

"मग मी ओरडू कोणावर?" मंजू उसळली.

"माझ्यावर." त्याचे कान लाल झाले. "जन्मभर... चालेल मला."

मंजूनं खाली बघितलं. असं कोणी मागतं का? खाली कुंपणाचे खांब काडीएवढे दिसत होते.

"हे सांगायला एवढे दिवस लागले?"

"थांबत-थांबत येतो ना मी..."

"येडा शे तू, ज्ञानेश्वर."

पुढं भाऊ आलंच नाही. त्यानं कान देऊन वाट बघितली. खरंच नाही आलं.

पाळणा खाली येऊन थांबला. शेठनं दार उघडलं, "उतरा, मंजूबेन."

मंजू नेहमीसारखी वैतागली, "शेठ, कोण उतरतंय इथं? फिरवा अजून!"