पाणी पिणारी गाडी

काकूंच्या गाडीला पाणी पुरत नव्हतं. गाडी खरं तर काकांची. काका गेल्यापासून ती पोर्चमधून हललीसुद्धा नव्हती. तरी काकूंनी सकाळी रेडिएटर काठोकाठ भरावा आणि दुसऱ्या सकाळी तो ठणठणीत कोरडा असावा!

मुलानं फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, रविवारी येतोय. दुरुस्त झाली असेल तर ठीक, नाहीतर भंगारात."

काकूंनी लगेच मेकॅनिकला बोलावलं. त्या रिकाम्या घरात त्यांचं बोलणं ऐकायला गाडीशिवाय होतं कोण?

मेकॅनिक आला. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला.

"काकू, आत्ता चालवली होती का? गरम असताना झाकण उघडायचं नसतं हं, वाफेनं तोंड भाजेल."

"नाही रे... चावी तर माझ्या उशीखाली आहे."

त्यानं गाडी निवू दिली. झाकणाचं रबर पाहिलं, पाईप दाबले, पंपाने हवा भरून दाब तपासला. ऑईल स्वच्छ. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. खाली थेंबसुद्धा नाही.

"गळतीच नाही, काकू. कुणी पितंय की काय?"

तो हसला. काकू हसल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत डॉक्टरांनी काकांचं पाणी बंद केलं होतं. "एक घोट... अगं, एकच..." असं ते म्हणत राहायचे, आणि काकू पदराआड पेला लपवायच्या.

त्या संध्याकाळी काकूंनी भरलेला पेला बॉनेटवर ठेवला. सकाळी तो रिकामा होता, आणि पालथा. पाणी पिऊन पेला पालथा घालायची काकांची जन्माची खोड. रेडिएटर मात्र काठोकाठ! मग रोज तसंच.

रविवारी मुलानं गाडी चालवून पाहिली. "वा, आई! आता तर चांगलं गिऱ्हाईक मिळेल."

"अरे, पण... तुझे बाबा..."

तो गाडी घेऊन गेलासुद्धा.

काकू रिकाम्या पोर्चकडे बघत बसल्या, दिवेलागणीला आत आल्या, आणि स्वतःसाठी उशाशी पेला भरून झोपल्या. पहाटे घशाला कोरड पडली म्हणून हात लांबवला.

पेला पालथा होता.

काकूंनी हळूच कूस बदलली. शेजारची उशी हाताला गरम लागली.