खाटकाच्या दुकानातली रॅम

कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला की बारांक्विया शहराच्या बाजारातले निम्मे कारागीर गिऱ्हाइकाच्या गळ्यात नवा पॉवर सप्लाय मारतात. रोग म्हशीला, औषध पखालीला. दोन्या नूबियांच्या कॉम्प्युटरलाही एक कोरा करकरीत बसवलेला होता. तरी पडदा निळा व्हायचा तो व्हायचाच.

हा त्यांच्या मांसाच्या दुकानातला, कॅमेऱ्याला जोडलेला कॉम्प्युटर. त्याच दुकानात भर दुपारी त्यांच्या धाकट्याला, हाइरला, कुणीतरी कोयत्याने तोडलं होतं. पोलिसांनी हात झटकले. चित्रण मात्र कॉम्प्युटरमध्ये होतं. पण मारेकरी दारातून आत आला की ते तिथेच गोठायचं.

"मला त्या मेल्याचं तोंड बघायचंय, उबाल्दो," दोन्या नूबिया म्हणाल्या. "बाकी मला काही नको."

थोरला एव्हर कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवून दाराशीच उभा राहिला. "आई, बघून काय मिळणार आहे तुला?"

"तुला लेकरं झाली की विचार."

आत रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन पट्ट्या होत्या. एक काढून दुसरीवर चालवून बघितलं, मग उलट. एकीवर सगळं सुरळीत, दुसरीवर गोठायचं. निदान झालं. आमच्याकडे खराब रॅम लगेच कुणी फेकत नाही. शाळेतल्या खोडरबराने तिचे सोनेरी दात घासायचे, फुंकर मारायची, परत बसवायची. बहुतेक जगतात.

"आधी चांगलीवर दाखव," त्या म्हणाल्या.

दाखवलं. हाइर सुरीला धार लावत होता. दारातून कुणी आलं नाही. अचानक त्याचा डावा खांदा शर्टासकट उघडला. त्याने हात वर केला, तर बोटं फळीवर पडली. मग मान. टांगलेल्या फऱ्यांवर रक्त उडालं. दुकानात दुसरं कुणीही नव्हतं.

चित्रण डिस्कवर असतं. रॅम त्यातला माणूस पुसू शकत नाही. वीज गेली की तिला काहीच आठवत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो.

"तो कुठाय?" दोन्या नूबिया ओरडल्या. "त्या दुसरीत आहे. बसव ती!"

बसवली. दारातून एक माणूस आत आला. कॅमेरा दाराच्या वर, त्यामुळे फक्त पाठ दिसली. चित्र गोठलं.

"घास."

घासली. पुन्हा तिथेच गोठलं, पण आता त्याचा कान दिसत होता.

"आणखी घास."

गालाची कड. हातात कोयता. खोडरबराच्या चुऱ्याला ओल्या मांसाचा वास येत होता. मला भीती वाटत होती, थांबायचं होतं. पण त्या बाईला नाही म्हणवेना.

पुढच्या खेपेला त्याचा एक डोळा दिसला. तो हाइरकडे बघत नव्हता. आमच्याकडे बघत होता.

एव्हरने वायर उपटली. रॅम ओढून काढली, फरशीवर आपटली आणि माझ्या हातोडीने तिचा चुरा केला.

आईने त्याच्या कानाखाली जाळ काढला. "का फोडलीस? तूच होतास ना तो?"

"शपथ घेतो, आई, मी नाही ओळखत त्याला! तो तुझ्याकडे बघत होता गं!"

"हाइरच्या जागी तू का नाही मेलास रे?"

एव्हरने हातोडी टेबलावर ठेवली. तो पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

"उरलीय तिच्यावर लाव," त्या मला म्हणाल्या. "निदान हाइरला तरी बघू दे मला."

लावलं. हाइर सुरीला धार लावत होता. मी मान फिरवायच्या तयारीत होतो.

खांदा उघडला नाही.

त्याने सुरी ठेवली, हात पुसले, कागदात गुंडाळलेला मक्याचा आरेपा काढला आणि खाऊ लागला. दोन्या नूबिया पडद्याला हात लावून हसायला लागल्या.

मागे कापड फाटल्याचा आवाज आला.

एव्हरचा डावा खांदा हाडापर्यंत उघडला होता. त्याच्या आसपास कुणी नव्हतं.

त्याने हात वर केला. "आई..."

"श्श," दोन्या नूबिया मागे न बघता म्हणाल्या. "जेवतोय तो."