दोघांत एक शाफ्ट

"तू कधी हसतोस का रे?"

हा प्रश्न माझा नव्हता हं! चिमणी आणि मॅडम या माझ्या दोन मैत्रिणींनी तो माझ्या गळ्यात मारला होता. पूल हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलावर रोज एकटाच खेळणाऱ्या त्या घुम्याला मी सगळ्यांदेखत हे विचारायचं, नाहीतर महिनाभर दोघींची दप्तरं वाहायची, अशी पैज लागली होती. आता मी काही घाबरणाऱ्यातली नाही. म्हणजे, गेल्या वर्षीपर्यंत होते. हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा माझा आवाज कापायचा. पण हातात क्यू, म्हणजे पूलची काठी, आली आणि काय जादू झाली कोण जाणे! माझ्या पहिल्याच फटक्याला पंधरा-वीस डोकी वळायला लागली. हॉलमध्ये माझं नावच पडलं, तोफ.

तर तोफ सरळ जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि डागली.

तो वाकलेला होता, तो ताठ झाला. बोटांना लागलेला निळा खडू त्यानं पँटला पुसला. माझ्याकडे पाहिलं... बापरे, पापण्या किती लांब होत्या त्याच्या! आणि मग अगदी शांतपणे तो म्हणाला, "हसतो की. तू नऊ नंबरचा बॉल हुकवतेस ना, तेव्हा."

मी थिजले. मागे चिमणी 'फिस्स' करून हसली आणि मॅडमनं तिला चिमटा काढल्याचंही मला ऐकू आलं.

"काय म्हणालास?"

"पण चूक तुझी नाही," तो म्हणाला. "दे इकडे."

मी क्यू दिला. का दिला, देव जाणे! त्यानं तो मधोमध फिरवून उघडला. पूलचा क्यू दोन तुकड्यांचा असतो. मागचा जाड भाग हातात धरायचा आणि पुढचा निमुळता भाग, ज्याच्या टोकाला चामड्याची टिप असते, तो शाफ्ट. त्यानं माझा शाफ्ट टेबलावर आडवा ठेवला आणि बोटानं हलकेच ढकलला. सरळ लाकूड कसं गुळगुळीत गडगडत जातं. माझा शाफ्ट मात्र लंगडल्यासारखा ठुमकत, उड्या मारत गेला.

"वाकडा आहे," तो म्हणाला.

वाकडा! वर्षभर मी ज्याला उशाशी घेऊन झोपत होते, तो माझा शाफ्ट वाकडा! मला तर कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"एवढ्या वाकड्या शाफ्टनं तू एवढं सरळ कशी मारतेस, हेच मला कळत नाही," तो पुढे म्हणाला. "मी रोज बघतो... म्हणजे, दिसतं."

रोज बघतो? मी पुन्हा थिजले. या वेळी कानापर्यंत लाल होऊन.

आता सांगते, हे सगळं एवढं जिवावर का बेतलं होतं. महिन्याअखेरीस शहराच्या ज्युनिअर संघाची निवड होती. जागा एकच उरलेली, आणि ती अंतिम सामना जिंकणाऱ्याला मिळणार होती. बाबांनी अट घातली होती, "संघात आलीस तर खुशाल खेळ. नाही आलीस तर क्यू कपाटात, आणि मोठी परीक्षा होईपर्यंत पूल हा शब्द घरात नको." आईनं मान डोलावली होती आणि मीही मोठ्या ऐटीत 'चालेल' म्हटलं होतं. तेव्हा मला कुठं माहीत होतं, की मी वाकडी काठी घेऊन लढायला निघालेय!

हॉलच्या तळमजल्यावर मावशींचं क्यूचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी आमची वरात तिथं पोचली... मी, चिमणी, मॅडम आणि चार पावलं मागे तो. माझ्या क्यूच्या आट्यांत बसतील असे दोनच शाफ्ट मावशींकडे होते. एक काळा, चकचकीत, नव्या पद्धतीचा, कधीही न वाकणारा. दुसरा साधा, फिक्या लाकडाचा.

"काळा!" चिमणी ओरडली. "अगं, काय रुबाब आहे!"

"हल्ली सगळे मोठे खेळाडू काळाच नेतात," मावशी म्हणाल्या. "पण नीट विचार करून घे बाई. टिपेला एकदा खडू लागला, की माल परत नाही."

मी दोन्ही हातांत दोन शाफ्ट धरले. त्यानं माझ्या कानाजवळ येऊन साध्या शाफ्टवर टिचकी मारली. टक्! "डोळे मीट," तो म्हणाला. "ऐकू आलं? हातालाही कळलं ना?"

मला हाताला काहीच कळत नव्हतं. मला फक्त कानाजवळचा त्याचा श्वास कळत होता.

"साधा घे," तो म्हणाला. "तुझा डोळा साध्या लाकडावर शिकलाय."

मी 'बरं' म्हणणारच होते, तेवढ्यात मॅडमनं मला बाजूला ओढलं. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का गं? निवडीला तोही उतरलाय! नाव दिलंय त्यानं. तो तुला चांगला शाफ्ट कशाला घेऊ देईल?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तोही? मला कुणी सांगितलंच नव्हतं! मी वळून विचारलं, "तू निवडीला आहेस?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू तर मी हसतो का, एवढंच विचारलंस."

झालं. मी नाक उडवलं, मावशींना काळा शाफ्ट बांधून द्यायला सांगितला आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता पायऱ्या चढले. वर जाऊन ऐटीत खडू लावला, वाकले, बॉलला बाजूनं फिरकी देऊन मारलं... आणि चुकले. पुन्हा चुकले. जो फटका मी झोपेतही मारला असता, तोही हुकला.

घडलं होतं असं, की साध्या लाकडानं फिरकी दिली की बॉल जरासा भलतीकडे सरकतो. वर्षभरात माझ्या डोळ्यानं ते गुपचूप शिकून घेतलं होतं आणि तो आपोआप थोडा बाजूला नेम धरत होता. काळा शाफ्ट मात्र बॉल जिथं रोखाल तिथंच पाठवायचा. म्हणजे शाफ्ट उत्तम, नेम भलतीकडे! नवी सवय लागायला महिने जातात, आणि माझ्याकडे फक्त काही दिवस होते. त्या घुम्यानं हेच तर सांगितलं होतं. एका वाक्यात.

मी पायऱ्यांवरून धावत खाली गेले. "मावशी, तो साधा शाफ्ट!"

"अगं, तो तर गेला. तू वर गेलीस आणि लगेच विकला गेला."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "कुणी नेला?"

मावशींनी दाराकडे हनुवटी हलवली. दारात तो उभा होता, हातात लांबट कागदी पुडकं घेऊन.

"तू? तू घेतलास? मला मिळू नये म्हणून?"

"वेडी आहेस का?" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून. तू परत येशील, हे मला माहीत होतं." त्यानं पुडकं माझ्यासमोर धरलं. "पण संध्याकाळ होईल असं वाटलं होतं. तू दहा मिनिटांत आलीस."

आणि तो हसला. खरोखर हसला! डाव्या गालाला खळी पडते त्याच्या, आणि ही गोष्ट त्यानं जगापासून लपवून ठेवली होती. मी पुडकं छातीशी धरून नुसती बघत राहिले. तोंडाचा आ मिटायचा असतो, हेसुद्धा विसरले.

काळा शाफ्ट चिमणीच्या दादानं आनंदानं घेतला आणि आलेले पैसे मी साध्या शाफ्टचे म्हणून घुम्याला देऊन टाकले. तो घेत नव्हता, पण मी तोफ आहे. माझा जुना वाकडा शाफ्ट आईनं खिडकीच्या फटीत अडकवला, वाऱ्यानं ती आपटू नये म्हणून. त्यानंतर आम्ही रोज शेजारच्या टेबलांवर सराव केला.

"कोपर आत घे."

"माझं कोपर माझं मी बघेन."

"बघ की. मीही तेच बघतोय."

अशा माणसाला घुम्या कोण म्हणेल, सांगा!

अंतिम सामन्यात समोरासमोर कोण यावं? आम्हीच. हॉल भरला होता. आई-बाबा पुढच्या रांगेत. आईच्या मांडीवर पर्स, तिच्यावर घट्ट दाबलेले दोन्ही हात. सामना बरोबरीत आला, आता एकच डाव उरला होता. त्यात शेवटचा, नऊ नंबरचा बॉल जो पॉकेटमध्ये घालील तो संघात.

त्यानं डाव सुरू करायला जोरात फटका मारला आणि 'कट्' असा आवाज झाला. बॉल पांगले, पण त्याच्या शाफ्टची टिप उडून माझ्या बुटाशी येऊन पडली. खालची लाकडाची कडही चिरली होती.

त्याच्याकडे दुसरा शाफ्टच नव्हता. त्यानं विकत घेतलेला तो दुसरा माझ्याकडे होता!

पंच म्हणाले, "हॉलचा क्यू घे, नाहीतर सामना सोड." त्यानं भिंतीवरचा एक क्यू उचलला. त्याची टिप फुलासारखी पसरलेली होती. माझी पाळी झाली, त्याची आली, त्यानं मारलं आणि टिप बॉलवरून सटकली. मागे कुणीतरी खो खो हसलं.

आता मी जिंकल्यातच जमा होते. बाबा खुर्चीतून हळूच खूण करत होते, बस, बस, गप्प बस. मी बसले होते. खरंच बसले होते... आणि मग बघते तर मी उभी! माझे हात माझा क्यू फिरवून उघडत होते. मी त्याच्यासमोर शाफ्ट धरला.

"घे. आपल्या क्यूंचे आटे सारखेच आहेत. तुझ्या पाळीला तू लाव, माझ्या पाळीला मला दे."

"तोफ, तुला कळतंय का तू काय करतेयस?" तो कुजबुजला.

"नाही. घे लवकर."

पंचांचा चष्मा नाकावर घसरला. "असं... असं कधी झालेलं नाही," ते पुटपुटले. "पण दोघांची हरकत नसेल, तर माझीही नाही."

आणि मग अशी गंमत सुरू झाली, की लोक खेळ बघायचे सोडून आम्हालाच बघायला लागले. तो मारायचा, शाफ्ट फिरवून काढायचा, माझ्या हातात द्यायचा. मी माझ्या क्यूला बसवायचे, मारायचे, परत द्यायचे. प्रत्येक वेळी लाकूड त्याच्या हातानं ऊन झालेलं असायचं, आणि प्रत्येक वेळी देताना बोटं... जरा जास्तच वेळ रेंगाळायची.

शेवटी टेबलावर नऊ नंबरचा बॉल उरला. माझी पाळी. सोपा फटका. मी वाकले, श्वास रोखला, मारलं. बॉल पॉकेटच्या तोंडाशी गेला, कडेवर डुलला... आणि थांबला.

माझं काळीजही थांबलं. आता तो फुंकर मारूनही घालू शकला असता. पण आधी शाफ्ट तर हवा! मी आटे फिरवले, एक, दोन, तीन, चार, आणि माझी हार माझ्याच हातांनी त्याच्या हातात दिली.

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. अगदी हळू त्यानं विचारलं, "चुकवू?"

"चुकवलास," मी दातओठ खात म्हणाले, "तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी."

त्यानं घातला.

टाळ्या कुणासाठी पडल्या, मला अजून नक्की कळलेलं नाही. पाणी प्यायच्या निमित्तानं मी जिन्यात आले, आणि तोही मागोमाग आला.

"जागा तुझी होती," तो म्हणाला.

"काहीतरीच. बॉल घातला कुणी?"

"बरं... मग शाफ्ट तरी तू ठेव."

"आणि तू नवीन घेणार?"

"नाही," तो पायरीकडे बघत म्हणाला. "मी रोज तुझ्याकडे मागायला येईन. म्हणजे... तुला चालेल तर. मला आवडतेस तू. कधीपासूनच. तुझा शाफ्ट वाकडा होता, तेव्हापासून."

मी तोफ! एवढं बोलणारी! आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "अं?" तो घाबरला. तेव्हा कुठं मला कंठ फुटला आणि मी म्हणाले, "मलाही तू. उद्या घरी ये. जिन्यात नाही बोलायचं असलं."

"घरी? तुझ्या बाबांसमोर?" त्याचे डोळे एवढाले झाले. एकदाचा त्यालाही धक्का बसला, बरं वाटलं!

आम्ही घरी पोचलो. बाबांनी चपला काढल्या, कपाटाचं दार उघडलं आणि क्यूसाठी हात पुढे केला. आईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मी क्यूची पिशवी खांद्यावरून उतरवली नाही.

"बाबा, आई, बसा जरा."

दोघंही बसले! मला वाटतं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मी हरले. अट मला पाठ आहे आणि ती मी मोडतेय, हेही मला कळतंय. अभ्यासाच्या वेळा तुम्ही ठरवा, गुण कमी पडले तर मला जाब विचारा. पण मी खेळणं सोडणार नाही. हातातला विजय देऊन टाकला तरी जे खेळावंसं वाटतं, ते कपाटात कसं ठेवू?"

बाबांनी तोंड उघडलं.

"थांबा बाबा, अजून एक आहे. आज मला हरवणारा मुलगा उद्या संध्याकाळी आपल्याकडे चहाला येतोय. मीच बोलावलंय. तो मला आवडतो." आईच्या हातातली पर्स धप्पकन खाली पडली. मी ती उचलून तिच्या मांडीवर ठेवली. "आणि आई, हे मी विचारत नाहीये. सांगतेय."