चौथ्या अंकात नसलेलं वाक्य

इंग्लंडमधल्या हल शहरात, वाचनालयाच्या दारात वाऱ्यानं मार्नीच्या हातातली कार्डं उडवली, आणि ती गोळा करायला धावला तो नेमका डेक्लन! प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गात तो तिच्या मागच्याच बाकावर बसायचा. ती बेकरीतली, तो गोदीवरचा. शाळेत या विषयात दोघंही आपटलेले. अभ्यासाला राजाचा खून करणाऱ्या सरदाराची आणि त्याला चिथावणाऱ्या त्याच्या राणीची जुनी शोकांतिका होती आणि परीक्षेत पुस्तक उघडायचं नव्हतं. म्हणून एकेका कार्डावर नाटकातलं एकेक वाक्य, आणि मागे चार प्रश्न: कोण म्हणतं, कुणाला, कधी, का.

"हे झकास आहे की!" एक कार्ड वाचत तो म्हणाला. "'तुझ्यापासून लपावं म्हणते, आणि तुझ्याच वाटेवर दिवा घेऊन उभी राहते.' राणीचं ना? कुठल्या अंकातलं गं?"

ते वाक्य राणीचं नव्हतं, मार्नीचंच होतं. मंगळवारी तो मागे बसून हळूच शीळ घालत होता, तेव्हा लिहिलेलं...

"चौथ्या," ती पुटपुटली.

झालं! मग महिनाभर रोज वाचनालयाच्या पायरीवर भेटी, आणि बटाट्याच्या पॅटीवर तिखट मसाला भुरभुरत त्याचं राणीचं मन उलगडणं. "दिवा म्हणजे तिचं पाप," तो गंभीरपणे सांगायचा. "खून काही लपत नाही बघ." त्याच्या मिशीला लागलेला मसाला बघत ती मान डोलवायची. खरं सांगायला रोज तोंड उघडायची, आणि रोज त्यात पॅटीच कोंबायची. स्वतःचीच किळस यायची तिला.

जूनमध्ये परीक्षा झाली. डेक्लनची ही तिसरी खेप. पास झाला तर रुग्णवाहिकेवर नोकरी, नाही तर पुन्हा गोदी. तो हॉलमधून धावतच बाहेर आला.

"राणीच्या दिव्यावर अख्खं पान लिहिलं! तुझी कृपा, मार्नी."

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

"डेक्लन... ते वाक्य नाटकात नाहीये."

"काय?"

"कुठल्याच अंकात नाही. मी खोटं बोलले. आधी लाज वाटली म्हणून, मग खोटं बोलल्याची लाज वाटली म्हणून—"

तो पायरीवर मटकन बसला. मग त्यानं पहिल्या दिवसापासून जवळ ठेवलेलं ते मळकं कार्ड खिशातून काढलं आणि उलटं केलं. मागे चारही प्रश्नांपुढच्या जागा कोऱ्या होत्या.

"मला वाटलं, घाईत राहिलं असेल," तो म्हणाला. "सांग आता. कोण म्हणतं?"

"...मी."

"कधी?"

"मंगळवारी. तू शीळ घालत होतास."

"का?"

"पानभर लिहून आलास ना? तुलाच ठाऊक!"

"मी सगळं चुकीचं लिहिलंय." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू हललं. "एक राहिलं. कुणाला?"

तिला मान वर करवेना. "तुला," ती म्हणाली. "आणि नापास झालास तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा कार्डं. पण अंक नीट लिहायचा हं, बाई!"

तो थोडा सरकला, आणि पायरीवर तिच्यापुरती जागा झाली.